थोरल्या जावयाला घरबसल्या कन्सोल मिळण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक, संगणक विभाग,
शहर पाणीपुरवठा कार्यालय.

अर्जदार : सर्व्हर कक्ष तंत्रज्ञ, तळघर, याच कार्यालयात.

विषय : सर्व्हर कक्षातील यंत्रांसाठी परवडणारी दूरस्थ सिरियल कन्सोल सुविधा मिळण्याबाबत (दुसरा अर्ज).

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज व त्यावरील आपला शेरा : "कर्मचारी जवळच राहतो. गरज दिसत नाही. खर्च परवडणारा नाही."
२) तक्रार खिडकी बंद पडल्याबद्दल आपण अर्जदाराकडून मागविलेला खुलासा.
३) अर्जदाराच्या सासऱ्यांच्या वाढदिवसाचे छायाचित्र.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार आपल्या निदर्शनास आणू इच्छितो की, कार्यालयाच्या तळघरातील सर्व्हर कक्षाची देखभाल तो कक्ष सुरू झाल्यापासून करीत आहे. कक्षात सहा यंत्रे आहेत. शहराची पाणीपट्टी, झडपांचे वेळापत्रक आणि नागरिकांच्या तक्रारी हे सर्व त्यांवर चालते. पहिली तीन यंत्रे समजूतदार आहेत. पाच आणि सहा नंबर नवीन असल्याने अद्याप उलट उत्तर देत नाहीत. चार नंबरचे यंत्र सर्वांत जुने असून कर्मचारीवर्ग त्यास 'आत्याबाई' म्हणतो. तक्रार खिडकीचा सगळा कारभार आत्याबाईंच्या हाती आहे. त्या रुसल्या की काय होते हे आपण गेल्याच आठवड्यात पाहिले आहे, त्याविषयी पुढे खुलासा येईलच.

२. आपण लेखा विभागातून या पदावर आला आहात, म्हणून थोडे तांत्रिक स्पष्टीकरण करण्याची परवानगी असावी. प्रत्येक सर्व्हरच्या पाठीमागे सिरियल नावाचे एक छोटे तोंड असते. एरवी सर्व्हरला नेटवर्कवरून काम सांगता येते. परंतु सर्व्हर अडला की सर्वांत आधी नेटवर्कच हात वर करते, आणि मग यंत्र जिवंत आहे की नाही हेही बाहेरून कळत नाही. अशा वेळी या मागच्या तोंडातून यंत्र साध्या अक्षरांत, एकेक ओळ करून, आपले काय दुखते आहे ते सांगत असते. तेथे केबल लावून लॅपटॉप जोडला की ते वाचता येते, त्याला उत्तरही देता येते. यालाच कन्सोल म्हणतात. केबलचे दुसरे टोक लॅपटॉपऐवजी एका पेटीला कायमचे जोडून ठेवले आणि ती पेटी मोबाईलच्या नेटवर्कवर आणली, तर तंत्रज्ञ कोठेही असला तरी यंत्राशी बोलू शकतो. सध्या आपल्या कार्यालयात केबल एक, लॅपटॉप एक आणि अर्जदार एक आहे. फोन आला की अर्जदार असेल तेथून आणि असेल तसा उठतो.

३. अर्जदारास कोणाचाही हेवा वाटत नाही, हे येथेच स्पष्ट केलेले बरे.

४. अर्जदाराचे साडू, म्हणजे पत्नीच्या धाकट्या बहिणीचे यजमान, वीजपुरवठा कार्यालयात नेमके हेच काम करतात. त्यांची यंत्रे अर्जदाराच्या यंत्रांपेक्षा जास्त नाहीत. शिक्षण सारखे. पगारात फरक आहे, पण तो येथे गैरलागू असल्याने अर्जदार त्याचा उल्लेख करीत नाही. मात्र वीजपुरवठा कार्यालयाने साडूंना दूरस्थ कन्सोलची परदेशी बनावटीची, पुढे हिरव्या दिव्यांची रांग असलेली पेटी घेऊन दिली आहे. तेव्हापासून साडू सर्व्हर कक्षात जात नाहीत. ते सोफ्यावरून सर्व्हर सुरू करतात. ते सज्ज्यातल्या कुंड्यांना एका हाताने पाणी घालतात आणि दुसऱ्या हाताने सर्व्हर सुरू करतात. हे अर्जदाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्यानंतर अर्जदारानेही घरी कुंड्या आणल्या, परंतु पेटीअभावी फक्त पाणीच घालता येते.

५. आता संदर्भ क्रमांक तीनकडे वळतो. सासऱ्यांच्या वाढदिवसाला सगळे कुटुंब सासुरवाडीला जमले होते. पाने वाढली गेली, पहिला घास झाला, आणि वीज क्षणभर जाऊन परत आली. तेवढ्यात दोन्ही कार्यालयांचे सर्व्हर अडले आणि दोन्ही जावयांचे फोन एकदम वाजले. साडूंनी ताटाशेजारी लॅपटॉप उघडला. उजव्या हाताने जेवणे चालू ठेवून डाव्या हाताने काही अक्षरे मारली आणि ते "झालं" म्हणाले. इतकेच. सासऱ्यांनी हे पाहण्यासाठी खिशातून चष्मा काढून लावला होता. ते म्हणाले, "वा, घास तोंडात आणि काम हातावेगळं." त्या वेळी अर्जदार दारात चपला घालीत होता.

अर्जदाराची पत्नीही नेहमीप्रमाणे ताटावरून उठली होती, कारण ती अर्जदारासोबत सर्व्हर कक्षात येते. याचे कारण तांत्रिक आहे. आत्याबाईंच्या सिरियल तोंडाचा स्क्रू फार पूर्वी मोडला असून केबल तेथे टिकत नाही. ती मागच्या बाजूस उभे राहून दोन्ही हातांनी धरून ठेवावी लागते. लॅपटॉप मात्र पुढच्या बाजूस असतो. म्हणून एकाने मागे धरायचे आणि दुसऱ्याने पुढे बसून वाचायचे, अशी पद्धत पडली आहे. मदतनिसासाठी अर्जदाराने पूर्वी मागणी केली होती, ती नामंजूर झाली. तेव्हापासून पुढच्या स्टुलावर पत्नी बसते. सुटीच्या दिवशी अथवा कार्यालय सुटल्यावर तिची नोंद पहारेकऱ्याच्या वहीत 'अभ्यागत' अशी होते.

जिना उतरताना सासूबाईंचा आवाज खालपर्यंत येत होता. त्यांचे उद्गार शब्दशः पुढीलप्रमाणे : "थोरल्यांचं काय बाई, पाण्याचं काम. नळ गळला की धावायचं. धाकट्यांचं तसं नाही, ते बसल्या जागेवरून हुकूम सोडतात." अर्जदार नळदुरुस्ती करीत नाही हे त्यांना अनेकदा समजावून झाले आहे. अर्जदार व पत्नी परत पोहोचले तेव्हा केक कापून झाला होता आणि सगळ्यांचे एकत्र छायाचित्रही निघाले होते. त्याची प्रत सोबत जोडली आहे. मध्यभागी लॅपटॉपसह उभे आहेत ते साडू. उजव्या टोकाला दोन रिकाम्या खुर्च्या दिसतात आणि त्यांच्यासमोर अर्धवट जेवलेली दोन ताटे, ती अर्जदाराची आणि त्याच्या पत्नीची. हे छायाचित्र मोठे करून सासुरवाडीच्या बैठकीत दारासमोरच लावले आहे. घरात पाऊल टाकले की प्रथम त्या दोन खुर्च्या दिसतात.

६. यानंतरच्या काळात साडूंची कीर्ती इतकी पसरली की सासूबाई स्वतःचा मोबाईल, शेजारणीचा टीव्ही आणि चुलतभावाचा पासवर्ड हे सगळे त्यांनाच दाखवू लागल्या. अर्जदाराला मात्र स्वयंपाकघरातला नळ दाखवण्यात आला. तोही अर्जदाराने दुरुस्त करून दिला, कारण तक्रार करण्याचा त्याचा स्वभाव नाही.

दोन्ही कार्यालयांच्या संयुक्त बैठकीत आपण स्वतः साडूंना भेटलात. बैठक संपल्यावर जिन्यात आपण अर्जदाराला थांबवून म्हणालात, "तुमचे साडू म्हणजे हिरा आहेत हो. त्यांच्याकडून काही शिकून घ्या." आपल्या मनात काही वाईट नव्हते याची अर्जदारास खात्री आहे. परंतु त्या दिवशी अर्जदार डबा न उघडता घरी गेला. त्यानंतर न्हाणीघरातल्या आरशासमोर उभे राहून "झालं" हा शब्द साडूंसारखा, म्हणजे मान वर न करता आणि फारसे महत्त्व न देता, उच्चारण्याचा सराव अर्जदाराने केला. तो जमत नाही. अर्जदाराच्या तोंडून तो प्रत्येक वेळी काहीतरी सांडल्यासारखा येतो.

७. साडू मनाने वाईट असते तर गोष्ट सोपी झाली असती. परंतु ते तसे नाहीत. त्यांनी आपण होऊन अर्जदारास घरी बोलावले, पेटीचे माहितीपत्रक दाखविले, सर्व बारकावे समजावून सांगितले आणि वर चहा दिला. त्यांच्या चांगुलपणामुळे अर्जदाराची फार कुचंबणा होते. बारकावे समजल्यावर मात्र अर्जदाराच्या ध्यानात आले की या पेटीत पैसे पडतात ते हिरव्या दिव्यांचे आणि नावाचे. काम जे होते ते आपल्या अडगळीतल्या वस्तूंतूनही होऊ शकते.

सबब अर्जदाराने पुढीलप्रमाणे स्वस्त रचना केली. तळमजल्यावर टोकन देणारा एक चपटा छोटा संगणक होता, जो टोकनयंत्र बदलल्यापासून भांडारात धूळ खात पडला होता. तो भांडारपालांच्या तोंडी परवानगीने आणला. त्यास एका यूएसबीतून अनेक सिरियल तोंडे काढून देणारा एक जोड लावला. हीच एक वस्तू बाजारातून आणावी लागली व ती अर्जदाराने स्वखर्चाने आणली. छत नव्याने केले तेव्हा उरलेल्या केबली होत्या, त्या योग्य मापात कापून सहाही यंत्रांना जोडल्या. बाहेरच्या जगाशी संपर्कासाठी निरीक्षकांच्या जुन्या जीपमधील मोबाईल मोडेम घेतले, म्हणजे कार्यालयाचे नेटवर्क बंद असले तरी पेटीपर्यंत पोहोचता यावे. आत येण्यास पासवर्ड आणि किल्ली असे दुहेरी कुलूप ठेवले. सर्व मिळून येणारा खर्च स्वागतकक्षातील माशांच्या टाकीच्या देखभालीपेक्षा कमी आहे. तेव्हा आपल्या शेऱ्यातील "परवडणारा नाही" हे शब्द आता लागू राहत नाहीत.

८. आता संदर्भ क्रमांक दोन, म्हणजे मागविलेला खुलासा. सदर पेटी कक्षात चाचणीसाठी बसविली होती. ती आपल्या लेखी मंजुरीशिवाय बसविली ही चूक झाली. परंतु त्या रविवारी साडूंच्या घरी सर्वांचे जेवण होते. सासूसासरेही यायचे होते. अशी संधी पुन्हा कधी आली असती हे सांगता येत नाही.

अर्जदाराने त्या दिवशी सकाळपासून आत्याबाई अडाव्यात अशी मनोमन इच्छा केली, हेही खुलाशात लपवीत नाही. स्वतःच्या यंत्राचे वाईट चिंतण्याची अर्जदाराच्या नोकरीतील ही पहिलीच वेळ. आणि आत्याबाईंनी शब्द राखला. सुटीच्या दिवशीही तक्रार खिडकी उघडी असते, तेथून फोन आला की पडदा गोठला आहे आणि रांग वाढते आहे. अर्जदाराची पत्नी सवयीने ताटावरून अर्धी उठली होती. पर्सही तिने हातात घेतली होती. अर्जदार सर्वांना ऐकू जाईल असे तिला म्हणाला, "तू बस. घरबसल्या होईल. आता तुझी गरज नाही."

हे वाक्य अर्जदार आज लिहून काढतो तेव्हा त्याला ते कसे ऐकू गेले असेल याची कल्पना येते. त्या क्षणी मात्र त्याचे सगळे लक्ष सासऱ्यांच्या चष्म्याकडे होते. तो त्यांनी काढून लावलाच होता. पत्नी पर्स बाजूला ठेवून खाली बसली.

अर्जदाराने ताटाशेजारी लॅपटॉप उघडला. पडदा काळा होता. तो काळाच राहिला. डाव्या हाताने, मग दोन्ही हातांनी, मग उष्टा हात धुऊन येऊन पुन्हा प्रयत्न केला. पेटीच उत्तर देत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "आधी जेवून घ्या, नळ कुठे पळून जात नाही." सासऱ्यांनी चष्मा काढून घडी करून खिशात ठेवला. ती घडी मिटल्याचा आवाज अर्जदारास अजून ऐकू येतो. तेव्हा साडूंनी ताट बाजूला सारले, हात धुतले, गाडीची किल्ली घेतली आणि ते म्हणाले, "चला दादा, मी येतो. गाडी खालीच आहे." ते हसले असते तर अर्जदार त्यांना कायमचा माफ करू शकला असता.

९. कक्षात गेल्यावर असे आढळले की पहारेकऱ्याने आपला पंखा लावण्यासाठी पेटीचा प्लग काढला होता. यात त्याचा दोष नाही, कारण प्लगवर सूचना चिकटवायचे अर्जदाराकडून राहून गेले होते. पेटी बंद पडली तरी पहिल्या तीन आणि पाच-सहा यंत्रांना काहीच झाले नाही. परंतु आत्याबाई जुन्या वळणाच्या आहेत. त्यांच्या काळातील यंत्रांची अशी समजूत असते की कन्सोलच्या पलीकडचे माणूस अचानक गेले तर त्याने आपल्याला थांबण्याचा हुकूम दिला आहे. पेटीशी असलेली जोडणी तुटल्याबरोबर त्या जागच्या जागी थांबल्या आणि पुढचा हुकूम येईपर्यंत थांबूनच राहिल्या. म्हणजे आत्याबाई अडल्या त्या अर्जदाराच्या पेटीमुळेच. पेटी बसविली नसती तर त्या दिवशी काहीही झाले नसते. तक्रार खिडकी बंद पडण्याचे हे संपूर्ण कारण असून त्याबद्दल होईल ती कारवाई अर्जदारास मान्य आहे. भविष्यात असे होऊ नये यासाठी आत्याबाईंची ही सवय एका ओळीच्या सूचनेने बदलता येते, ती ओळ अर्जदारास ठाऊक आहे.

खुलासा येथे संपायला हरकत नव्हती. परंतु पुढे जे घडले त्याचा या अर्जाशी संबंध आहे.

केबल टिकावी म्हणून अर्जदाराने आत्याबाईंच्या मागे रबर गुंडाळून ठेवले होते, तेही निसटले होते. तेव्हा पेटीचा नाद सोडून जुन्याच पद्धतीने जावे लागले. अर्जदार मागे केबल धरून उभा राहिला आणि साडू पुढच्या स्टुलावर बसले. साडूंनी वाचन उत्तम केले, हे नमूद न करणे अन्यायाचे होईल. एकही चूक नाही. ओळ पूर्ण होण्याआधी ते अर्थ सांगत आणि अर्जदाराने काय करावे हे सांगण्याआधी बटण दाबत.

पत्नी असे करीत नाही. तिला या भाषेतले पुष्कळसे कळत नाही, पण आत्याबाईंचे बोलणे ती घरातले कोणी बोलावे तसे वाचते. "थांबलेय म्हणते. पुढे जाऊ का विचारतेय." आणि बटण दाबण्याआधी ती प्रत्येक वेळी विचारते, "दाबू?" अर्जदार मागून "दाब" म्हणतो आणि मगच ती दाबते. इतकी वर्षे झाली तरी न विचारता तिने एकदाही दाबलेले नाही. मागे उभे असताना यंत्राच्या फटीतून तिच्या गुडघ्यावरची पर्स आणि एक हात एवढेच दिसते. एरवी घरात दोघांचे बोलणे भाजी, गॅस आणि दूधवाला यांच्यापलीकडे फारसे जात नाही. इथे आत्याबाई सुरू व्हायला वेळ लागतो, तोवर ती काय काय सांगत बसते, आणि अर्जदाराचे दोन्ही हात अडकलेले असल्याने त्याला ते सगळे ऐकावे लागते. परत येताना दोघे कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतात.

त्या फटीतून त्या दिवशी साडूंचे मनगट आणि घड्याळ दिसत होते. महोदय, छायाचित्राच्या मध्यभागी साडू उभे आहेत हे अर्जदाराने सहन केले. सोफा सहन केला, कुंड्या सहन केल्या, आपण जिन्यात केलेली स्तुतीही सहन केली. परंतु त्या स्टुलावर ते बसलेले अर्जदारास पाहवेना. केबल सोडून पुढे जावे आणि त्यांना उठवावे असे त्याला वाटले. काम अर्धवट असताना केबल सोडली असती तर आत्याबाई पुन्हा थांबल्या असत्या, एवढ्याच कारणास्तव तो जागचा हलला नाही.

काम झाल्यावर साडू लगेच उठले नाहीत. स्टुलावरून हात फिरवीत म्हणाले, "ताई इथे बसतात ना? ही नेहमी म्हणते, ताईचं बरं आहे. भाऊजी जातात, पण तिला घेऊन जातात. मी घरीच असतो तर म्हणते, तुम्ही बसलेले इथे असता, पण तुमचं ध्यान तिकडे त्या पडद्यात. आता तर मी 'झालं' म्हटलं की ती उठून आत जाते." मग ते म्हणाले, "आमच्या सर्व्हर खोलीची चावी कुठे ठेवलीये तेही मला आठवत नाही दादा."

हे ऐकून अर्जदारास जो आनंद झाला तो शासकीय कागदावर लिहिण्यासारखा नाही. साडूंना अर्जदाराचा हेवा वाटतो, आणि तोही या तळघरासाठी, हे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते. गाडीत बसेपर्यंत तो आनंद टिकला. गाडी सुरू झाल्यावर सोबत पत्नी नाही हे ध्यानात आले, आणि ती का नाही हेही आठवले. त्या दिवशी टपरीवर कोणी थांबले नाही.

१०. प्रस्तुत अर्जाचा मसुदा परिच्छेद सातपर्यंत तयार झाला तेव्हा पत्नीने तो वाचून पाहिला. अर्जदाराचे सर्व अर्ज ती वाचते. तिने शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखविल्या आणि ती म्हणाली, "मंजूर होईल. खर्च कमी आहे." त्यानंतर ती बराच वेळ कपड्यांच्या घड्या घालीत राहिली. मग म्हणाली, "ते दुसरं स्टूल मात्र परत मागतील आता, नाही का?"

तिचे म्हणणे खरे आहे. दूरस्थ सुविधा येणार अशी कुणकुण लागताच भांडारपालांनी एकमाणशी कक्षात दोन स्टुले कशाला, असे विचारणारे पत्र आधीच धाडले आहे. त्या रविवारच्या वाक्याबद्दल अर्जदार तिच्याशी अद्याप काही बोललेला नाही. त्याला समोरासमोर असे बोलता येत नाही. त्याला अर्ज लिहिता येतो, म्हणून परिच्छेद आठ ते अकरा नंतर वाढविण्यात आले असून त्यांची एक प्रत घरी ओट्यावर, डब्याखाली ठेवण्यात येत आहे.

११. तरी वरील सर्व परिस्थितीचा सहानुभूतिपूर्वक विचार होऊन पुढीलप्रमाणे आदेश व्हावेत, ही विनंती.

(अ) परिच्छेद सातमध्ये वर्णन केलेल्या स्वस्त दूरस्थ सिरियल कन्सोलला रीतसर मंजुरी मिळावी व पेटीचा प्लग कोणी काढू नये असे पहारेकऱ्यास लेखी कळवावे.

(आ) मंजुरीपत्राची एक प्रत कार्यालयाच्या शिक्क्यासह अर्जदाराच्या सासऱ्यांच्या पत्त्यावर पाठवावी. त्यात 'तंत्रज्ञ' हा शब्द ठळक असावा आणि नळाचा उल्लेख नसावा. यावरून अर्जदाराच्या मनातला हेवा अजून गेलेला नाही असे आपणास वाटेल. ते बरोबर आहे. परिच्छेद तीन रद्द समजावा.

(इ) सदर सुविधा एक, दोन, तीन, पाच आणि सहा नंबरच्या यंत्रांपुरतीच द्यावी. चार नंबरचे यंत्र त्यातून कायमचे वगळावे. त्याचा मोडलेला स्क्रू दुरुस्त करण्याचा प्रस्ताव कोणाकडूनही आल्यास तो फेटाळावा. याला तांत्रिक कारण विचारले जाईल. तांत्रिक कारण नाही. आत्याबाईंची सवय बदलणारी ओळ ठाऊक असूनही अर्जदार ती लिहिणार नाही. आत्याबाई अडल्या तर अर्जदार आणि त्याची पत्नी पूर्वीप्रमाणेच, असतील तेथून आणि असतील तसे, येत जातील. त्याबद्दल जादा भत्ता मागणार नाहीत.

(ई) पहारेकऱ्याच्या वहीत पत्नीच्या नावापुढे 'अभ्यागत' असे लिहिले जाते, ते बदलून 'कामासाठी' असे लिहावे.

(उ) कक्षातील दुसरे स्टूल भांडारात परत मागवू नये.

आपल्या आदेशाची तळघरात वाट पाहणारा,
आपला आज्ञाधारक,

(सही)
सर्व्हर कक्ष तंत्रज्ञ

दिनांक : आवक खिडकीचा शिक्का असेल तो.

सोबत :
१) स्वस्त पेटीचा हाताने काढलेला आराखडा.
२) सासऱ्यांच्या वाढदिवसाचे छायाचित्र. दोन रिकाम्या खुर्च्यांभोवती पेन्सिलीने वर्तुळ केले आहे.
३) स्टूल परत मागणारे भांडारपालांचे पत्र, स्टुलाशिवाय परत.